स्लॅब टाकण्याआधी चूल-शेगडीचे बघा



रब्बीची मळणी उरकली की जुन्या घराची कामे निघतात. कौले उतरवून स्लॅब टाकायचा, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावायच्या. घर पक्के होते खरे. पण कौलांच्या फटींतून जाणारा धूर आता जायचा कुठे?

थंडीत किंवा बाळंतिणीच्या खोलीत आपण कोळशाची शेगडी ठेवतो. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. त्याला ना वास, ना रंग. डोके जड होते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच दगावतो. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक समजू नका. शेक झाला की ती खोलीबाहेर काढा, मगच झोपा. बाळंतिणीला गरम पाण्याची पिशवीही चालते.

स्लॅब ओतण्याआधीच चुलीच्या वर धुराड्याला भोक ठेवायला गवंड्याला सांगा. मागाहून स्लॅब फोडला तर खर्च वाढतो, वर गळतीही लागते.

चार-पाच मोठी जनावरे असतील तर गोबरगॅस उत्तम. २ घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. मात्र कडक थंडीत गॅस कमी बनतो, तेव्हा धुराड्याची चूल मोडू नका.