ब्रेक लावताच स्टिअरिंग का थरथरते?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ पाटस, कुरकुंभ, भिगवण या गावांवरून इंदापूरकडे जातो. पाटस येथून बारामतीचा रस्ता फुटतो आणि तोच पुढे इंदापूरला मिळतो. २०२१ साली ज्याच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली, तो संत तुकाराम महाराज पालखी मार्ग हाच होय. रस्ते सुधारले, तसा मोटारींचा वेगही वाढला. तालुक्याच्या गावात जी मोटार ताशी ४० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते, ती महामार्गावर येताच ८० ते १०० च्या वेगाने धावू लागते. आणि गावात कधी न जाणवलेला एक दोष तेथे चालकाच्या हाताला जाणवतो : ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरू लागते, वेग उतरला की थरथर थांबते.

हा दोष किरकोळ समजून त्याकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. या भागात तर ती विशेष धोक्याची आहे. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांकडे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागते. मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर येते, तेव्हा वेगात असलेल्या मोटारीस पूर्ण ताकदीने ब्रेक लावण्यावाचून गत्यंतर नसते. स्टिअरिंग हातात नाचत असेल, तर नेमक्या त्याच क्षणी चालकाचा पाय कचरतो.

खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की ती पंधरा वर्षे वैध असते. व्यावसायिक वाहनांप्रमाणे तिला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्रासाठी परिवहन कार्यालयात जावे लागत नाही. तेव्हा मधल्या काळात तिच्या ब्रेकची चौकशी करणे ही सर्वस्वी मालकाची जबाबदारी ठरते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र होय. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. एक टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविताना जी उष्णता निर्माण होते, ती एक लिटर थंडगार पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. ती सर्व काही सेकंदांत ब्रेकच्या लोखंडात उतरते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या चाकांना सोसावा लागतो. कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो.

जुन्या मोटारींत चारही चाकांना ड्रम असत. वालचंदनगर ही इंदापूर तालुक्यातील उद्योगनगरी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनी मोटारीची रचनाही अशीच होती. आजच्या मोटारींत पुढे ओतीव लोखंडाची डिस्क असते आणि लहान मोटारींत मागे बहुधा ड्रम असतो. डिस्क चाकाबरोबर फिरते आणि कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी असेल तर ही पकड एकसारखी राहते. एका जागी ती किंचित जास्त असेल, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा पकड घट्ट होते व पुन्हा सैल पडते. हा धक्का टाय-रॉडमार्फत स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो.

जाडीतील हा फरक किती असावा लागतो? ०.०२ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, एवढा फरक हाताला जाणवण्यास पुरतो. डोळ्यांनी किंवा बोट फिरवून तो कळणे शक्य नाही.

मग तो वेगातच का जाणवतो? ताशी ८० किलोमीटर वेगाने लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. पुढील सस्पेन्शन व स्टिअरिंग यांच्या जोडणीची डुलण्याची स्वतःची लय साधारणपणे याच आसपास असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके झोके दिले तरी तो उंच जातो, तसेच येथे घडते. वेग ४० वर आला की धक्के सेकंदाला सहाच उरतात, लय चुकते आणि थरथर विरते. म्हणून ‘गावात काहीच होत नाही’ हे चालकाचे म्हणणे खरे असले, तरी त्यावरून ब्रेक निर्दोष ठरत नाही.

थरथर कोठे जाणवते?

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी चालकाने स्वतः काही गोष्टींची नोंद केली तर निदान निम्म्याने सोपे होते. ब्रेक न लावताही स्टिअरिंग हलत असेल, तर संशय प्रथम टायरवर घ्यावा : बॅलन्सिंग बिघडलेले, टायरला फुगवटा आलेला किंवा रिम वाकलेली. केवळ ब्रेक लावतानाच हलत असेल, तर दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये असतो. हात स्थिर असून आसनाखाली किंवा पेडलवर धडधड जाणवत असेल, तर मागील ड्रम गोलाई सोडून अंडाकृती झाल्याची शक्यता अधिक. मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढल्यास मागच्या चाकांचा दोष वेगळा काढता येतो. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलखाली जलद खडखड होते, ती मात्र एबीएस यंत्रणेची असते. तो दोष नव्हे.

गाडी एका बाजूला ओढत असेल, घासल्याचा आवाज येत असेल, पेडल खोल जात असेल किंवा प्रवासानंतर एकच चाक इतरांहून फार तापलेले आढळले, तर पुढील प्रवास थांबवावा.

‘डिस्क वाकली’ हे निदान

गॅरेजमध्ये सामान्यतः ‘डिस्क वाकली’ असे एका वाक्यात सांगून नवी डिस्क बसविली जाते. गाडी काही महिने उत्तम चालते आणि पुन्हा थरथरू लागते. मालक सुट्या भागाच्या दर्जाला दोष देतो. वस्तुतः अनेकदा मूळ कारण डिस्कच्या पाठीमागे दडलेले असते. डिस्क ज्या हबवर बसते, त्याच्या पृष्ठभागावर गंजाचा पापुद्रा किंवा वाळलेला चिखल राहिला, तर नवी कोरी डिस्कही किंचित तिरकी बसते. चाकाचे नट हवेच्या गनने कमीजास्त आवळले गेले, तरी तोच परिणाम होतो. अशी डिस्क फिरताना डुलते आणि ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते. काही हजार किलोमीटरनंतर तेथील जाडी बदलते. दोष बसविण्याच्या दिवशीच निर्माण झालेला असतो, दिसतो मात्र उशिरा.

दुसरे कारण पॅडच्या थराचे. पाटस किंवा सरडेवाडीच्या टोलनाक्यावर वेगात येऊन जोरात ब्रेक लावला आणि पाय तसाच दाबून मोटार उभी ठेवली, तर तापलेल्या डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा ठसा उमटतो. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे एका जागी उभ्या असलेल्या शासकीय व खासगी मोटारींच्या डिस्कवरही पॅडखालील भाग वगळून गंज चढतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना वंगणाअभावी अडकल्या, तर एकच पॅड सतत घासत राहतो. सैल बेअरिंग, झिजलेला बॉल-जॉइंट किंवा सस्पेन्शनच्या दांड्याचे फाटलेले रबरी बुश हे स्वतः थरथर निर्माण करीत नसले, तरी लहान धक्का मोठा करून हातापर्यंत आणतात.

म्हणून मोजमापाचा आग्रह धरावा. डायल गेज लावून डिस्कचे डुलणे मोजता येते. ते बहुतेक मोटारींत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत असावे लागते. मायक्रोमीटरने डिस्कच्या सात-आठ ठिकाणी जाडी मोजली की फरक उघड होतो. ही साधने फार महाग नाहीत; औद्योगिक वसाहत असलेल्या बारामतीसारख्या ठिकाणी ती हाताळू शकणारे कुशल कारागीरही आहेत. उणीव असते ती ग्राहकाने विचारण्याची.

जाडी पुरेशी असेल तर लेथवर डिस्क समतल करून घेता येते. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क बदलावी आणि बदलताना एकाच आसाची जोडी बदलावी, सोबत पॅडही नवे घ्यावेत. हब घासून चकचकीत करावा. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. नवे पॅड बसविल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर मध्यम वेगाने, हलके ब्रेक लावीत मोटार चालवावी. कार्यालयाच्या किंवा आरोग्य केंद्राच्या वाहनाबाबत बदललेल्या भागांबरोबर डिस्कचे मोजमाप व त्यावेळचे किलोमीटर यांची नोंद लॉगबुकात केल्यास, पुन्हा थरथर सुरू झाल्यावर ती किती अंतराने आली हे कळते आणि मिस्त्रीला हबपासून तपासणी सुरू करता येते.