संख्यात्मक रीतींचे अध्यापन : उजनीच्या साठ्याचे एक उदाहरण

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला संख्यात्मक रीती शिकवितात, तेव्हा बहुधा रीतींची एक मालिकाच त्याच्यापुढे मांडली जाते. न्यूटन-रॅफसन, गाउस-सायडेल, सिम्प्सन, रुंगे-कुट्टा अशी नावे येतात, प्रत्येकाखाली सूत्र येते आणि परीक्षेत तीन आवर्तने करून उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत काढावयास सांगितले जाते. विद्यार्थी ते काढतोही. परंतु त्या चार स्थळांपैकी किती स्थळे खरी आहेत, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही स्वतःला विचारीत नाही. वस्तुतः या विषयाचा प्राण त्या एका प्रश्नात आहे.

सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी या प्रश्नाचे उदाहरण दूर शोधावयास नको. माढे तालुक्यातील भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे ११७ टीएमसी आहे. त्यांपैकी सुमारे ६४ टीएमसी मृत साठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा होय. हे आकडे कोणी पाणी मापाने मोजून ठरविलेले नसतात. जलाशयाच्या तळाच्या समोच्चरेषा आखून प्रत्येक पातळीवरील पाण्याचे क्षेत्रफळ काढतात आणि त्या क्षेत्रफळांची उंचीनुसार बेरीज घेतात. कलनशास्त्राच्या भाषेत हे संकलन असते. मात्र येथे फलन सूत्ररूपाने मिळत नाही, कोष्टकरूपाने मिळते.

समजा, एखाद्या दरीत क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या पातळीचे क्षेत्रफळ व पूर्ण उंची यांचा गुणाकार १ मानल्यास खरे घनफळ ०.३३३३ येते. समलंब नियमाने तळ व माथा एवढ्या दोनच पातळ्या घेतल्या तर उत्तर ०.५ येते, म्हणजे त्रुटी ५० टक्के. मधली एक पातळी वाढविली की ०.३७५ येते व त्रुटी १२.५ टक्के उरते. चार भाग केले की ०.३४३७५, त्रुटी ३.१२५ टक्के. पायरी निम्मी केली की त्रुटी चौथाई होते, हा नियम विद्यार्थ्याने सूत्रातून पाठ करण्याऐवजी स्वतः कागदावर तीन ओळींत पाहावा. तो पाहिला की पुढची युक्ती त्याला आपोआप सुचते : ०.३७५ ची चौपट करून तीतून ०.५ वजा करावे आणि बाकीस तीनने भागावे. उत्तर ठीक एक-तृतीयांश येते. सिम्प्सनचा नियम तो हाच. मात्र येथे उत्तर तंतोतंत आले ते वर्गाचे प्रमाण गृहीत धरले म्हणून. खरी दरी इतकी सोयीची नसते.

या युक्तीला लुईस फ्राय रिचर्डसनचे नाव आहे. त्याचा १९११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रबंध दगडी धरणातील ताणांसंबंधी होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. गणिते करण्यासाठी त्याने मुलांना नगावर पैसे दिले होते आणि चुकलेली गणिते हिशेबातून वगळली जात. आजच्या प्रयोगशाळेत संगणक क्षणार्धात लाखो बेरजा करतो आणि त्यांतील चुकांचेही पैसे घेतो.

उजनीचे उदाहरण येथे संपत नाही. उपयुक्त साठा म्हणजे एकूण साठ्यातून मृत साठा वजा केल्यावर उरलेली बाकी. दोन्ही आकड्यांत स्वतंत्रपणे एक-एक टक्का त्रुटी आहे असे मानल्यास भरलेल्या धरणातील उपयुक्त साठ्यात ती १.८ टीएमसीपर्यंत, म्हणजे सुमारे ३.४ टक्के होऊ शकते. आता उन्हाळा घ्यावा. उपयुक्त साठा ५ टीएमसी उरला आहे असे धरावे. एकूण पाणी ६८.६६, मृत साठा ६३.६६, तीच एक-एक टक्का त्रुटी आता १.३ टीएमसी, म्हणजे उरलेल्या पाण्याच्या चौथाईहून अधिक होते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकाच कोष्टकातून येत असल्याने त्रुटी काही अंशी एकमेकींना कापतात. परंतु गाळ साचत जातो आणि जुने कोष्टक जुन्याच दरीचे वर्णन करीत राहते. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी या जलाशयाशी बांधलेले असल्यामुळे ही बाकी किती विश्वसनीय आहे हा केवळ वर्गातला प्रश्न राहत नाही.

जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी सार्थ अंक खाऊन टाकते, ही गोष्ट बीजगणितातही तशीच दिसते. क्ष² − ८०क्ष + १ = ० या समीकरणाचे लहान मूळ चार सार्थ अंक राखून काढावे. १५९९ चे वर्गमूळ ३९.९९, ते ४० मधून वजा केले की ०.०१ येते. खरे उत्तर ०.०१२५०. समीकरण साधे, सूत्र शाळेतले, आकडेमोड निर्दोष आणि त्रुटी २० टक्के! तेच मूळ १ भागिले (४० + ३९.९९) असे लिहिले की ०.०१२५० मिळते. संगणक सोळा अंक राखतो म्हणून हा दोष नाहीसा होत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या पूर्णपणे लिहिता येत नसल्याने ती दहा वेळा मिळविली असता कित्येक संगणक-भाषांत १ ऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ उमटते, हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो.

नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर-अ या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी बुडाला. सान्त-घटक पद्धतीने केलेल्या विश्लेषणात भिंतींतील कर्तन-ताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता. नंतर अधिक बारकाईने विश्लेषण केले असता ६२ मीटर खोलीवर भंग होईल असे निघाले; प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर झाला. रीती तीच होती. तिचे घटक कोठे व किती बारीक करावयाचे याचा विवेक पहिल्या वेळी अपुरा पडला.

तेव्हा अध्यापनात काय बदलावे? रीतींची संख्या कमी करावी, ही सूचना अनेकांना रुचणार नाही. परंतु पाच रीतींच्या ऐवजी दोन घेऊन प्रत्येक गणित दोन भिन्न पायऱ्यांनी करविले, तर विद्यार्थ्याच्या हाती उत्तराबरोबर त्रुटीचा अंदाजही येतो. आज्ञावली लिहिण्यापूर्वी पहिली दोन आवर्तने हाताने करावीत. नाहीतर संगणकाने दिलेले उत्तर चूक असल्याची शंका यावयास काही आधारच उरत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तराच्या स्तंभाशेजारी त्रुटीचा एक स्तंभ छापावा आणि तो रिकामा असल्यास निम्मे गुण कापावेत.