एका एंजिनाची वाट : पुरवठ्याच्या साखळीचा धडा

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभारला. ऐन महायुद्धात त्याची यंत्रसामग्री अमेरिकेहून आणावी लागली. त्यातूनच पुढे ‘हिंदुस्थान एरॉनॉटिक्स’ ही संस्था घडली. तिचे ‘तेजस’ हे लढाऊ विमानही एकाच छताखाली तयार होत नाही. पंख कोइमतूरहून, धडाचा मधला भाग हैदराबादहून आणि एंजिन अमेरिकेहून येते. कच्च्या मालापासून तयार वस्तूपर्यंतच्या अशा क्रमास पुरवठ्याची साखळी म्हणतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ ‘तेजस’ विमानांचा करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९९ एंजिने मागविण्यात आली. पहिले विमान २०२४ च्या प्रारंभी मिळणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात पहिले एंजिनच मार्च २०२५ मध्ये हाती आले. विलंबास इतरही कारणे होती. तथापि एंजिनावाचून सांगाडे खोळंबले, हे खरे.

असे का व्हावे? पूर्वीची ६५ एंजिने २०१६ पर्यंत पुरविल्यावर नवी मागणी नव्हती. म्हणून उत्पादकाने ती उत्पादनशाखा बंद केली. पाच वर्षांनी ती पुन्हा सुरू करावयाची होती, आणि त्याच सुमारास महासाथीने जगभरचे पुरवठादार विस्कळीत झाले होते. कारखाना हा पाण्याचा नळ नव्हे. जेट एंजिनात तप्त वायूचे तापमान पात्यांच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असते. म्हणून पात्यांच्या पोटात सूक्ष्म मार्ग ठेवून त्यांतून हवा खेळवावी लागते. असे ओतकाम जाणणारे कारागीर व लहान पुरवठादार एकदा पांगले, की त्यांना पुन्हा एकत्र आणण्यास वर्षे लागतात.

गेल्या काही दशकांत उद्योगांचा कल लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच माल मागविण्याकडे होता. त्याने गोदामाचा खर्च वाचतो. परंतु एक दुवा निखळताच सारे काम थांबते. म्हणून यापुढे किंमतीइतकेच महत्त्व तीन गोष्टींना येत आहे : महत्त्वाच्या भागांचा राखीव साठा, एकाहून अधिक पुरवठादार आणि मागणीचे सातत्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये, आधीची एंजिने पूर्ण मिळण्यापूर्वीच, आणखी ११३ एंजिनांचा करार झाला. तत्पूर्वी ऑक्टोबरमध्ये नाशिक येथे ‘तेजस’च्या जोडणीची तिसरी शाखा सुरू झाली.

मग एंजिन स्वदेशीच का करू नये? बंगळूरच्याच प्रयोगशाळेत ‘कावेरी’ एंजिनाचे काम १९८९ पासून चालू आहे. २००८ मध्ये ते ‘तेजस’पासून वेगळे करावे लागले. स्वावलंबनासही दीर्घ काळ आणि अखंड खर्च लागतो. साठा, पर्यायी पुरवठा, स्वदेशी उत्पादन यांपैकी काहीच फुकट मिळत नाही. मात्र तो खर्च आधी केला नाही, तर संकटाच्या वेळी त्याची भरपाई पैशाने नव्हे, काळाने करावी लागते.