कुत्रा चावला तर

रेबीजची लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र हा मृत्यू टाळता येतो. चावल्याबरोबर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. पाड्यावर नळ नसेल, तर कळशीने धार धरा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

पोटातल्या 14 इंजेक्शनांची धास्ती अजून गेलेली नाही. ती पद्धत केव्हाच बंद झाली. सरकारी दवाखान्यात लस दंडाच्या त्वचेत, मोफत देतात : पहिल्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी. खरी अडचण इथे येते. ऊसतोडणीची टोळी तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते, आणि रोज बुडवून चार फेऱ्या कुणाला परवडतात? केसपेपर जपा, पुढचा डोस जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात मागा.

रक्त आलं असेल, तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात नसतं, म्हणून आवर्जून विचारा. पण त्यासाठी लस थांबवू नका.

मार बसेल या भीतीने मुलं ओरखडा लपवतात. त्यांना रागावू नका, लगेच दवाखान्यात न्या.