आतून धुण्याचा जुना समज

आपल्या जयगडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात अनेक घरांतला पुरुष जहाजावर किंवा आखातात असतो. तो सुट्टीवर यायचा म्हटले की घराची सफाई होते, गोडाधोडाची तयारी होते. त्याच वेळी काही स्त्रिया स्वतःच्या शरीराचीही एक ‘सफाई’ करतात, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कोणी डेटॉलचे पाणी घेते, कोणी तुरटीचे, कोणी मेडिकलमधून आणलेले सुगंधी लोशन, आणि त्याने योनिमार्ग आतून धुते. डॉक्टर याला ‘डूश’ म्हणतात. कोणाला अंगावरून पांढरे जाते याची लाज वाटते. कोणाला हैज संपल्यावर आपले गुस्ल पूर्ण झाले की नाही अशी शंका असते. आणि कोणाला वाटते की संबंधानंतर लगेच धुतले म्हणजे दिवस जात नाहीत.

भगिनींनो, विषय नाजूक आहे, पण हे समज आरोग्याला अपायकारक आहेत. म्हणून ते आले कुठून, हे आधी पाहू.

अमेरिकेत चार्ल्स नोल्टन नावाचे एक डॉक्टर होते. १८३२ मध्ये त्यांनी संततिनियमनावर एक छोटे पुस्तक काढले. संबंधानंतर तुरटी किंवा जस्ताचा क्षार मिसळलेल्या पाण्याने पिचकारीने आतून धुवावे, असा उपाय त्यात होता. या पुस्तकासाठी त्यांना तीन महिने तुरुंगात जावे लागले. १८७७ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी तेच पुस्तक पुन्हा छापले, तेव्हा त्यांच्यावरही खटला झाला. पुढे भारतात येऊन १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्या याच बेझंटबाई. खटल्याची इतकी चर्चा झाली की पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, आणि पिचकारीचा उपायही तितक्याच घरांत पोहोचला.

अमेरिकेत १८७३ पासून संततिनियमनाची साधने आणि माहिती टपालाने पाठवणे हा गुन्हा होता. त्यामुळे कंपन्यांनी एक वेगळाच शब्द पुढे आणला, ‘स्त्रियांची स्वच्छता’. जाहिरातीत गर्भाचे नावही नसे. नवरा का दुरावला, संसारातला आनंद का गेला, असे प्रश्न असत आणि उत्तर म्हणून जंतुनाशकाची बाटली दाखवलेली असे. वाचणाऱ्या स्त्रीला खरा अर्थ बरोबर कळत असे. अशा बाटल्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध होते लायसॉल. हेच लायसॉल जर्मनीत पटकीच्या साथीत जंतू मारण्यासाठी वापरले गेले होते. त्यात त्या काळी क्रेसॉल नावाचा दाहक पदार्थ असे. फरशी धुण्याचे ते औषध स्त्रिया पाण्यात मिसळून शरीराच्या सर्वांत नाजूक भागात घालू लागल्या. १९११ पर्यंतच डॉक्टरांनी त्यातून झालेल्या विषबाधेच्या १९३ घटना आणि ५ मृत्यू नोंदवले होते.

एवढे सोसून गर्भ तरी टळत होता का? १९३३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लायसॉलवर भरवसा ठेवणाऱ्या ५०७ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना दिवस गेले होते. त्याचे कारण साधे आहे. संबंधानंतर शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात शिरतात. स्त्री उठून मोरीत जाईपर्यंत उशीर झालेला असतो. उलट पिचकारीच्या जोराने ते आणखी वर ढकलले जाण्याचा संभव असतो.

आता आपल्याकडे वळू. संततिनियमनाविषयी उघडपणे बोलणारा माणूस आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरूडचा होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव तिथे १८८२ मध्ये जन्मले. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. या कामामुळे रघुनाथरावांना विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. लैंगिक आरोग्याबद्दल वाचक जे प्रश्न विचारत, त्यांची ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, दंड भरावा लागला, तरी मासिक चालू राहिले.

रघुनाथरावांची सगळी मते आपल्याला मान्य होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. पण त्यांच्या काळात अमेरिकेतल्या स्त्रीला बाटलीवरची जाहिरात वाचून अंदाज बांधावा लागत होता, आणि मराठी वाचकाला प्रश्न विचारायला एक जागा मिळाली होती. जिथे विचारता येत नाही, तिथे माणूस जाहिरातीवर किंवा शेजारणीच्या सांगण्यावर विसंबतो.

आता शरीराची रचना समजून घेऊ. योनिमार्गात अल्लाहने स्वच्छतेची स्वतःची व्यवस्था ठेवली आहे. तिथे दह्यातल्या जीवाणूंच्या जातीचे उपकारक जीवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात रोगजंतू वाढू शकत नाहीत. थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे. महिन्याच्या मध्यावर तो पातळ आणि चिकट होतो, गरोदरपणात वाढतो. तो रोग नाही. डेटॉल, साबण, तुरटी किंवा सुगंधी लोशन आत गेले की हे उपकारक जीवाणूही मरतात. मग रोगजंतूंना मोकळे रान मिळते. मासळीसारखा वास येऊ लागतो, स्त्री आणखी धुते आणि त्रास आणखी वाढतो. पाण्याच्या जोराने जंतू गर्भाशयात आणि गर्भनळ्यांत चढले तर ओटीपोटात सूज येते. नळ्या खराब झाल्या तर मूल राहणे अवघड होते, किंवा गर्भ नळीतच राहतो, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञ आतून धुऊ नका असे सांगतात.

काही भगिनींना वाटते की आतून धुतल्याशिवाय तहारत होत नाही. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहोत. शाफई फिकहप्रमाणे स्त्रीने उकिडवे बसल्यावर जो भाग बाहेर दिसतो तो धुवायचा असतो. त्याच्या आत पाणी पोहोचवणे गुस्लमध्ये फर्ज नाही. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एका महिलेने प्रेषित मुहम्मद (स.) यांना हैजनंतरच्या गुस्लबद्दल विचारले. कस्तुरीचा सुगंध लावलेला कापडाचा तुकडा घेऊन स्वच्छता करावी, असे त्यांनी सांगितले. तिला नीट उमगेना, तेव्हा हजरत आयशा (रजि.) यांनी तिला बाजूला घेऊन समजावले की रक्ताचा अंश राहिला असेल तिथे तो फिरवायचा. यात औषधी पाण्याची पिचकारी कुठेही नाही. याच संदर्भात हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली आहे, की लाजेमुळे त्या दीन समजून घ्यायला मागे राहिल्या नाहीत. हया हा ईमानचा भाग आहे, पण शंका आणि आजार लपवणे म्हणजे हया नव्हे.

संततीत अंतर ठेवण्याच्या बाबतीतही असेच आहे. कुरआन अवतरत असताना सहाबा ‘अज्ल’ करीत, म्हणजे वीर्य बाहेर सोडत, हे सहीह हदीसमध्ये आहे. त्या आधारे पतीपत्नीच्या संमतीने तात्पुरते अंतर ठेवणे बहुतेक उलमा जाइज मानतात. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. साधनांची माहिती मात्र आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्यावी. तिथे निरोध, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन आणि कॉपर-टी हे सर्व मोफत मिळते. अचानक गरज पडली तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळीही असते, आणि ती जितक्या लवकर घ्यावी तितकी चांगली. कोणते साधन कोणाला मानवेल हे तपासणीनंतरच ठरते. मूल अंगावर पीत असेल, रक्तदाब असेल, तर ते आधी सांगावे.

रोजच्या स्वच्छतेसाठी बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. शौचानंतर पुढून मागे धुवावे. सुती कपडे घालावेत, ते उन्हात वाळवावेत. हैजचे कापड वापरत असाल तर तेही लाजेने कपड्यांखाली न लपवता उन्हातच वाळवावे.

स्राव दह्याच्या चोथ्यासारखा होऊन खाज सुटली, पिवळा-हिरवा झाला, दुर्गंधी आली, ओटीपोटात दुखले, ताप आला, किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, तर डॉक्टरकडे जावे. जाण्याआधी आतून काहीही धुऊ नये, नाहीतर तपासणीत नीट कळत नाही. जंतुसंसर्ग असेल तर कधी कधी नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. तो सुट्टीवर आला असेल तेव्हाच दोघांनी मिळून जावे.

घरात वयात आलेली मुलगी असेल तर अम्मीने हे सर्व तिला स्वतःच सांगावे. तिच्या हातातल्या मोबाईलवर सुगंधी लोशनच्या जाहिराती रोज येत आहेत, आणि आपण सांगितले नाही तर ती त्यांच्यावरच विश्वास ठेवील.