खांद्यातली प्लेट: टफ कोण, धातू की हाड?

खांद्याचं हाड मोडलं, आत प्लेट-स्क्रू बसले, की घरी सगळ्यांना एकच टेन्शन: ही पट्टी टिकेल ना? परंड्याच्या माझ्या मावशीलाही तेच. (हो, धाराशिव जिल्ह्यातलं किल्ल्याचं परंडा. विजापूरची फेमस मुलुखमैदान तोफ 1632 पर्यंत इथेच होती.) पासष्टीची मावशी अंगणात घसरली आणि दंडाचं हाड अगदी खांद्याशी मोडलं. ऑपरेशननंतर भेटायला गेले, तर म्हणाली, "काय गं, पेपरात लिहितीस ना? मग सांग, आत ही मोडली तर?"

सॉलिड प्रश्न! उत्तर मिळतं लॅबमध्ये. नुसत्या प्लेटची टेस्ट सोपी: चार ठिकाणी दाब देऊन ती किती वाकते ते बघायचं. त्यासाठी एएसटीएम एफ-382 नावाचं स्टँडर्डही आहे. खरी मजा पुढे. प्लेट फोमच्या नकली हाडावर किंवा देहदानातून मिळालेल्या हाडावर बसवतात. एकाच व्यक्तीच्या डाव्या हाडावर एक डिझाइन, उजव्यावर दुसरं. म्हणजे हाड कच्चं होतं, ही सबब दोघांनाही सारखीच! हाडाच्या आतल्या बाजूला मुद्दाम फट पाडतात, चुरा झालेलं हाड दाखवायला. मग मशीन हजारो वेळा दाबतं, सोडतं, दाबतं. कारण आपण हात एकदाच थोडाच उचलतो? 2007 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी एका पेशंटच्या कृत्रिम खांद्यात सेन्सर बसवून मोजलं. रोजच्या साध्या कामांतही सांध्यावर जवळपास अख्ख्या शरीराच्या वजनाइतका जोर येऊ शकतो.

आणि हार कोण मानतं? बहुतेक वेळा धातू नाही, हाड. पोपडे आलेल्या भिंतीत खिळा ठोकून बघा, तसंच. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सुटते, हाडाचा गोळा आत कलतो आणि स्क्रूचं टोक सांध्यात घुसतं. म्हणून तर या शतकाच्या सुरुवातीला 'फिलॉस'सारख्या लॉकिंग प्लेट आल्या. यात स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी घट्ट बसतं. खालून तिरका वर जाणारा स्क्रू आतल्या बाजूला टेकू देतो. टायटॅनियमची मिश्रधातू स्टीलपेक्षा जवळजवळ निम्मी ताठ, म्हणजे थोडी लवते. मला विचाराल तर 'जितकी कडक तितकी भारी' हा दुकानदारी फंडा इथे चालत नाही.

अजून एक ट्विस्ट. ब्रिटनमध्ये अशाच 250 पेशंटवर 'प्रोफर' नावाची चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना नुसती झोळी. 2015 मध्ये निकाल आला: दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. सगळ्याच फ्रॅक्चरना हे लागू नाही, काहींना ऑपरेशन लागतंच. पण तुमच्या आईवर, आत्यावर ही वेळ आली, तर प्लेट कुठल्या कंपनीची हे नंतर. आधी डॉक्टरांना विचारा: हाड किती ठिसूळ आहे, आतल्या बाजूला आधार उरलाय का आणि झोळीवर भागेल का? प्लेट बसलीच, तर बॅच नंबरचं स्टिकर फाइलमध्ये आहे ना, तेवढं बघून घ्या.