दोन सीटची गाडी आणि आम्ही दोघी

मैत्रिणींनो, सासू-सून एका स्वयंपाकघरात बारा वर्षं नांदल्या तर त्यात नवल काही नाही. स्वयंपाकघराला दार असतं, भांड्याला भांडं लागलं की एकीला बाहेर पडता येतं. पण गिअर बदलताना एकीचं कोपर दुसरीला लागेल एवढ्याशा गाडीत दोघींना बारा दिवस बसवलं तर? आम्ही बसलो. नेरूळहून कन्याकुमारी आणि परत. तेसुद्धा वीस वर्षं जुन्या, लाल रंगाच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमधून.

तुम्ही म्हणाल, मध्यमवर्गीय घरात ही चैन कुठून आली? तर ती आणली माझ्या सासऱ्यांनी. २०१० साली ते निवृत्त झाले आणि एका संध्याकाळी ही गाडी घेऊन दारात उभे राहिले. सॅन स्टॉर्म तिचं नाव. १९९८ साली ही गाडी बाजारात आली आणि ती बनत होती आपल्या गोव्यात. इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचं, ११४९ सीसीचं. बॉडी फायबरची, दरवाजे दोन आणि सीटही दोनच. फार थोड्या विकल्या गेल्या आणि पुढे बनणंही थांबलं. आमची २००४ सालची, सासऱ्यांनी जुनी म्हणून घेतलेली. सोसायटीत हसू झालं. घरात माणसं चार, त्यात माझी भर पडायची होती, आणि गाडीत जागा दोघांची!

मी २०१२ मध्ये या घरात आले. पुढच्या वर्षी सासऱ्यांनी मला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. रविवारी पहाटे पाम बीच रोडवर आम्ही जायचो. सासूबाई कधी त्या गाडीत बसल्या नाहीत. डाळ भिजत घातली आहे, गुडघा दुखतो, त्या सीटवरून उठता येत नाही, लोक काय म्हणतील, काही ना काही कारण असायचंच. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई, लाजत असेल.

सासरे २०२२ मध्ये गेले. गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून राहिली. बॅटरी उतरली, टायर बसले, मांजरीने पिल्लं घातली. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मग २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या यांनी विषय काढला, की आता एक काय ते ठरवू या. सासूबाई म्हणाल्या, "विकायची तर विका. पण त्याआधी मला एकदा तिच्यातून कन्याकुमारीला जायचंय."

आम्ही थक्क! २०२३ साली अहमदाबादच्या ठाकोर कुटुंबाने १९५० सालच्या 'लाल परी' नावाच्या एमजी गाडीतून इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनपर्यंत, म्हणजे जिथे ती गाडी बनली होती तिथवर प्रवास केला होता. त्या बातमीचं कात्रण सासूबाईंनी जपून ठेवलं होतं. आणि कन्याकुमारीच का, तर त्यांचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. विवेकानंद शिलास्मारक ज्यांनी उभं केलं ते एकनाथजी रानडे त्याच जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. स्मारकासाठी देशभरातून लाखो लोकांनी रुपया-रुपया दिला, तेव्हा दहा वर्षांच्या या मुलीनेही शाळेत रुपया दिला होता. स्मारक १९७० साली झालं. रुपया कुठे लागला ते बघायचं मात्र राहूनच गेलं.

यांना तेवढी रजा नव्हती. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास नाही तर पैसे नाहीत, पण नाताळची सुट्टी धरून बारा दिवस जमत होते. मुलं बाबांकडे राहणार होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दोघीच बायका? पुरुष माणूस नाही कुणी?" मी त्यांना भारुलता कांबळे यांची गोष्ट सांगितली. या बाई २०१६ साली इंग्लंडहून ३२ देश ओलांडत, गाडीत एकट्या, स्वतः चालवत भारतात आल्या. काकू गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं हे दिसत होतंच.

आधी कागदांचं सांगते, कारण बऱ्याच घरांत हे राहून जातं. गाडीचा मालक वारला की गाडी आपोआप बायको-मुलांची होत नाही. आरटीओत फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून नाव बदलावं लागतं. हे तीन महिन्यांत करायचं असतं. आम्हाला उशीर झाला होता, त्यामुळे भुर्दंड पडला. विमासुद्धा नव्या नावावर करून घ्या, नाहीतर अपघात झाला तर हातावर हात धरून बसावं लागेल. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करायचं. सासऱ्यांनी २०१९ मध्ये केलं होतं, आता पुन्हा वेळ आलीच होती. फॉर्म भरताना हे आपलं नाव लिहायला लागले, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझं लिही." सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्या नावावर गाडी झाली. त्यांना सायकलही चालवता येत नाही.

मेकॅनिकने दीड महिना घेतला. टायरच्या नक्षीवर जाऊ नका, असं त्याने मला शिकवलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आमचे टायर दिसायला छान, पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या. चारही बदलले. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या नळ्यांना ते मानवत नाही. खर्च किती झाला ते लिहीत नाही. त्यात ओट्याला ग्रॅनाइट बसलं असतं.

नऊवारी किंवा साडी नेसून अशा गाडीत कसं बसायचं याचा आम्ही पार्किंगमध्ये सराव केला. आधी गाडीकडे पाठ, मग अलगद खाली बसायचं, आणि दोन्ही पाय जोडून एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट. पदर कमरेला खोचायचा आणि केसांना रुमाल, नाहीतर पनवेल यायच्या आत अवतार होतो. डिकी नावाला. दोघींत मिळून एक बॅग, औषधांचा डबा, पाण्याचा कॅन आणि दशम्या-चटणीची पिशवी सासूबाईंच्या पायाशी.

२० डिसेंबरला पहाटे निघालो. पनवेलला जो ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सुरू होतो, तोच सोळाशे किलोमीटरवर कन्याकुमारीला संपतो. म्हणजे रस्ता चुकायची भीती नाही, रस्ता असेल तर! चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. कोकणातल्या मैत्रिणींना मी काय सांगावं? ही गाडी जमिनीपासून वीतभर उंच. प्रत्येक खड्डा आधी मला दिसायचा, मग सासूबाईंच्या पाठीला कळायचा. शेजारून ट्रक गेला की त्याचं चाक कानाशी फिरतंय असं वाटे.

माणगावच्या गर्दीत काटा लाल खुणेकडे सरकला. उभ्या गाडीत इंजिन थंड ठेवणारा पंखा फिरतच नव्हता. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेट उघडलं. बायांनो, एक लक्षात ठेवा, तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. कितीही घाई असो, अर्धा-पाऊण तास थांबायचंच. आम्ही झाडाखाली दशम्या खाल्ल्या. भोवती पोरं जमली. "काकू, केवढ्याला घेतली?" सासूबाई म्हणाल्या, "मला विचारून घेतली नव्हती रे बाबा." पोरं हसली, मीही हसले.

महाडला सावित्रीच्या पुलावर त्यांनी हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस त्याबरोबर गेल्या. नवा पूल पुढच्याच वर्षी झाला. कशेडीचा घाट आता बोगद्यातून पार होतो. चिपळूणला एका गॅरेजवाल्याने पंख्याला थेट वायर जोडून डॅशबोर्डखाली घरातल्या दिव्यासारखं बटण लावून दिलं. मग काटा चढला की मी म्हणायची, "आई, पंखा!" आणि त्या बटण दाबायच्या. पुढचे तीन हजार किलोमीटर हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

गोव्यात एक दिवस थांबलो. जिथे गाडी जन्मली तिथला एक म्हातारा मेकॅनिक तिला बघून हरखला. त्याने क्लचची तार बदलली, पैसे बेताचेच घेतले आणि सासूबाईंना नमस्कार केला. पुढे कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळलेला, त्यामुळे सगळी रहदारी नव्या पुलावर. इथून कानडी मुलुख आणि रस्ता लोण्यासारखा. मी पहिल्यांदाच पाचव्या गिअरमध्ये निवांत बसले.

कुंदापूरच्या अलीकडे मरवंते म्हणून गाव आहे. तिथे रस्त्याच्या एका हाताला समुद्राच्या लाटा आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, मध्ये आपण. मी गाडी थांबवली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग मी सहज म्हटलं, "बाबांना किती आवडलं असतं ना हे!"

त्या म्हणाल्या, "तुला वाटतं मी लाजून बसत नव्हते. निवृत्तीच्या पैशांतले लाखभर माझ्या नावावर ठेवा, एवढंच मागितलं होतं मी. जन्मात माझ्या नावाचं पासबुक नाही. हो म्हणाले होते. आणि आठ दिवसांनी ही घेऊन आले. दर रविवारी म्हणायचे, चल, चक्कर मारू. बसले असते तर 'बरं केलंत' म्हटल्यासारखं झालं असतं."

मला काय बोलावं सुचेना. नऊ वर्षं रविवारी पहाटे मी त्या सीटवर बसत होते. त्या गॅलरीत उभ्या असायच्या, आणि मी खालून हात हलवायची.

"मग मी बसायची तेव्हा..." एवढंच मी म्हणू शकले.

"तुझा काय दोष? तुला शिकायचं होतं, शिकलीस. पण डोळ्यांना दिसायचंच की गं." मग त्यांनीच विषय बदलला. "काटा बघ. पंखा लावू?" गाडी बंद होती.

त्या रात्री उडुपीला मला झोप लागली नाही. सासऱ्यांवर माझा जीव होता, अजून आहे. त्यांनी मला स्टिअरिंग दिलं. माझ्या वडिलांनी कधी स्कूटरही दिली नव्हती. आणि त्याच माणसाने स्वतःच्या बायकोला एक पासबुक दिलं नाही. या दोन गोष्टींची बेरीज मला अजून जमलेली नाही.

केरळबद्दल फार लिहीत नाही. रस्तारुंदीचं काम सगळीकडे, ऊन चटचटीत, त्यामुळे हूड ओढून घेतलं आणि आत भट्टी झाली. उघड्या गाडीची हौस सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, मधला वेळ हूड बंद, हा नियम करा. अलप्पुळाला सासूबाईंनी लॉजच्या बाईला खुणांनी फोडणीची पोळी शिकवली, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच एका आख्ख्या केळफुलाच्या भाजीला नावं न ठेवता खाल्ली.

सातव्या दिवशी कन्याकुमारी. बोटीने खडकावर गेलो. एवढ्या गर्दीत सासूबाई एका भिंतीपाशी थांबल्या, दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हा माझा असेल." मी फोटो काढला. त्या हसलेल्या नाहीत, पण फोटो चांगला आला आहे.

परत मदुराई, बंगळूर, कोल्हापूर या आतल्या रस्त्याने चार दिवसांत आलो. रुंद रस्ते, सांगण्यासारखं काही घडलं नाही. कोल्हापूर सोडल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "तुला ही ठेवायची आहे का?" मी खरं सांगितलं, "हो." मग म्हटलं, "पण गाडी तुमची आहे." त्या खंबाटकीच्या घाटापर्यंत बोलल्या नाहीत. घाटात म्हणाल्या, "विकू या."

मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या एका जोडप्याने गाडी घेतली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या सासूबाईंच्या, प्रत्येक पानावर सावकाश, पूर्ण नाव. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी रडले. त्या म्हणाल्या, "पंख्याच्या बटणाचं त्या मुलीला सांगितलंस का?" मी विसरले होते. त्यांनी मला फोन करायला लावला.

पैशांची त्यांनी बँकेत मुदत ठेव केली, एकटीच्या नावावर. पावती देवघराच्या खणात आहे. मला दाखवली, पण आकड्यावर बोट ठेवून.